दिवाळीची साखर आणि माझी निनावी चिठ्ठी

परवा बारामतीला डोळे तपासायला गेले होते. नंबर यायला वेळ होता म्हणून मोबाइल उघडला, तर आपल्या डायबेटिसवाल्यांच्या ग्रुपवर मेसेज... निधी गोळा करण्याबद्दल सभासदांनी आपलं मत कळवावं, नाव नाही लिहिलं तरी चालेल. ते शेवटचं वाक्य वाचलं आणि मी एकटीच हसत सुटले.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी लासुर्ण्याला शाळेत शिक्षिका, चाळिशी गाठायच्या आतच शुगर लागलेली. आम्हा मधुमेहींचं एक मंडळ होतं, महिन्यातून एका रविवारी शाळेच्या वर्गात जमायचो. बारामतीचे एक डॉक्टर मुद्दाम यायचे.

अडचण एकच... रक्त तपासायचं तर उपाशीपोटी एसटी पकडून बारामती गाठायची. आमच्यातले एक आबा स्टँडवरच चक्कर येऊन पडले, तेव्हा ठरलं की मंडळासाठी शुगर तपासायचं मशीन घ्यायचंच.

पावतीपुस्तक मी घेतलं. सुट्टीच्या दिवशी भर दुपारी बारामतीची बाजारपेठ पालथी घातली. देणगी कमी, चहाचा आग्रहच जास्त, तोही गोडमिट्ट! माझ्या चपलेचा अंगठा तुटला, पण मशीन काही आवाक्यात येईना.

आणि एका रविवारी सणसरच्या सुमनकाकी उभ्या राहिल्या. शाळेची पायरी कधी न चढलेली बाई. म्हणाल्या, "आपुन बहुतेक समदी कारखान्याची सभासद. दिवाळीची सवलतीची साखर घरात येती, आन डाक्टर म्हणत्यात खाऊ नगा. मग ती मंडळाला द्या की!"

टाळ्याच टाळ्या! पंधरा दिवसांत वर्गाच्या कोपऱ्यात पोत्यांची थप्पी लागली. एका किराणावाल्याने सगळी साखर उचलली आणि मशीनची सोय झाली. मग काय, जो तो सुमनकाकी, सुमनकाकी...

माझा नुसता जळफळाट. खोटं कशाला बोलू, त्या आठवड्यात घास गोड लागला नाही मला. त्यात आमच्या घरी नोकरी होती पण ऊस नव्हता, कारखान्याचा शेअर नव्हता, म्हणजे द्यायला साखरही नव्हती. राबायचं मी आणि हार हिच्या गळ्यात?

पुढच्या बैठकीला डॉक्टरांनी औषधाच्या खोक्याला चीर पाडून पेटी केली. निधी जमवण्यात काय चांगलं झालं, काय चुकलं, निनावी लिहून टाका म्हणाले. आता निम्म्या लोकांना लिहिता येत नव्हतं, म्हणजे लिहायला पुन्हा मीच!

एकेक जण यायचा आणि सांगायचा, "लिवा बाई, साखरेचं लई ब्येस झालं." मी आपली दात-ओठ खात लिहितेय. हात दुखायला लागला, पण माझं नाव एकाच्याही तोंडून निघेना.

शेवटी माझी स्वतःची चिठ्ठी लिहिली. 'ज्यांच्याकडे शेअर नाही त्यांनी काय करावं? साखर देणाऱ्यांनी मोठेपणा मिरवू नये, विशेषतः सणसरकरांनी.' घडी घातली आणि टाकली पेटीत. कसं गार वाटलं म्हणून सांगू!

तेवढ्यात सुमनकाकी समोर येऊन बसल्या. "बाई, माझी बी लिवा. साखर काय, घरात आयती आली हुती. पर बाई उनातानात बाजारात हिंडली, तिचं नाव कुणीच घेतलं न्हाय. ह्ये चुकलं. एवढंच लिवा."

माझा पेन जागच्या जागी थांबला. पण लिहिलं... माझंच कौतुक, माझ्याच हाताने. पेटीतली चिठ्ठी परत काढता येती तर मी शपथेवर सांगते, त्याच क्षणी काढली असती.

डॉक्टर एकेक चिठ्ठी वाचायला लागले. मग माझी आली. निम्म्या चिठ्ठ्यांवर अक्षर माझंच, त्यामुळे ही कुणी सांगून लिहून घेतली असेल म्हणून लोक एकमेकांची तोंडं बघायला लागले. काकीच म्हणाल्या, "असू द्या. शेर नसल्यालं मानूस काय देणार, ह्ये खरंच हाय."

पाठोपाठ काकींची चिठ्ठी निघाली. मागून कुणीतरी खिदळलं, "बाईनं सोताच लिवलं जणू!" सगळा वर्ग हसला. कानशिलं तापली माझी... आणि काकी उठल्या. "ती म्या सांगितली. माझ्या नावानं धरा." एका क्षणात हशा बंद.

त्याच वेळी मीही उठायला हवं होतं. आधीची ती चिठ्ठी माझी आहे, एवढंच म्हणायचं होतं. नाही उठले. धीरच झाला नाही.

महिन्याने मशीन आलं. पहिलं बोट कुणाचं, तर सगळे म्हणाले काकींचं. काकींनी माझा हात धरून पुढे केला. "आधी बाईचं."

डॉक्टरांनी सुई टोचली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं दुखलं. मी हळूच म्हणाले, "काकी, ती चिठ्ठी माझी होती."

"म्हाईत हाय की," काकी माझ्या बोटावर कापूस दाबत म्हणाल्या. "आमच्यातलं कोण 'विशेषतः' म्हणतंय?"

काकी आता नाहीत. परवा नंबर येईपर्यंत ग्रुपवर माझं मत टाईप केलं... जे दारोदार फिरतात त्यांचं नाव घ्या, जे देतात त्यांचंही घ्या, आणि ज्यांच्याकडे द्यायला काही नाही त्यांना कमी लेखू नका. खाली माझं पूर्ण नाव लिहिलं आणि मगच पाठवलं.