काटकोनांचा बंपर

काटकोन हे काही त्यांचं आडनाव नव्हे. चाळीस वर्षं कपाटं बनवणाऱ्या या सुतारकाकांना वाकडी चौकट दिसली की घास गिळवत नसे, म्हणून सगळी गल्ली त्यांना काटकोन म्हणायची. तोंडावर म्हटलं तरी त्यांना राग नव्हता. उलट मान जरा ताठ व्हायची.

काम थांबवल्यावर त्यांनी एक जुनी घरगाडी घेतली. टेम्पोएवढी. आत दोन बाक, एक शेगडी, पाण्याची टाकी. बायकोला लग्नात कबूल केलेला समुद्र आता तरी दाखवायचा, एवढाच हेतू. मागचा बंपर मात्र नव्हता. आधीच्या मालकानं तो कुठे घालवला, त्याचं त्यालाच ठाऊक. तपासणी केंद्रानं त्यापायी गाडी एकदा परत पाठवली. फेरतपासणीची मुदत शुक्रवारी दुपारी संपत होती. ती हुकली की गाडी रस्त्यावर आणायची सोय नाही. आणि मेव्हणा टपलेलाच होता.

मेव्हणा वेल्डर. "भाऊजी, नापास झाली तर माझ्या वर्कशॉपमागे लावू. पत्रे ठेवायला झकास आहे."

"तुझे पत्रे तुझ्या डोक्यावर ठेव," काटकोन म्हणाले.

गाडी बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली, तेव्हा बंपर घरीच करायचा ठरला. कपाटाला हात लावायचा तर आधी ते रिकामं करायचं, ही काटकोनांची शिस्त. त्यांनी गाद्या, भांडी, शेगडी सगळं अंगणात काढलं, टाकीतलं पाणी सोडून दिलं, मग माप घेतलं आणि प्लायवुडचा नमुना कापला. त्यावरून मेव्हण्यानं लोखंडी बंपर करून दिला. बसवला तर केसभर फट नाही! तीन दिवस दारात आलेल्या प्रत्येकाला गाडीच्या मागे जावं लागलं. पोस्टमनलासुद्धा.

शुक्रवारी सामान भरलं, टाकी भरली, कारण केंद्राला गाडी प्रवासाला निघाल्यासारखी हवी होती. मेव्हणा मजा बघायला आपल्या व्हॅनमधून मागोमाग आला. केंद्राच्या चढावर चाक चढलं आणि मागून आवाज आला, कर्रर्र!

दारावरच्या पहारेकऱ्यानं वाकून पट्टी लावली. "काका, दोन इंच खाली आहे. असा नाही चालणार."

"काल बरोबर होता!"

"काल गाडी रिकामी होती हो," बायको म्हणाली. "भरल्यावर खाली बसली."

काटकोनांनी कपाळाला हात लावला. उभ्या आयुष्यात त्यांचं एकही कपाट भरलं म्हणून खाली बसलं नव्हतं. गाडीला स्प्रिंगा असतात, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

"चला, पत्र्यांची सोय झाली," मेव्हणा म्हणाला.

बायको भावाकडे वळली. "तुझ्या व्हॅनमध्ये ड्रिल आहे ना?"

"आहे, पण ताई..."

"पण-बिण नंतर. पुढे सहाच गाड्या आहेत. आण!"

मेव्हणा ड्रिल घेऊन आला. काटकोनांनी बंपर सोडवला, त्याच्या गाडीला जोडायच्या पट्ट्यांवर जुन्या भोकांच्या दोन इंच खाली पेन्सिलीनं खुणा केल्या, म्हणजे बंपर तेवढाच वर चढेल. रांगेतले लोक उतरून भोवती जमले.

"काका, भिंतीला खुंटी ठोकताय का?" एकानं विचारलं.

"तुमची गाडी पुढे घ्या, रांग सरकली," काटकोन मान वर न करता म्हणाले.

चार भोकं पाडली. आता मेव्हणा नव्या शर्टासकट जमिनीवर उताणा, गुडघ्यांवर बंपर तोलून.

"भाऊजी, आटपा! पाय गेले माझे!"

"हलू नकोस. तिरका होतोय."

"तिरका असू द्या की!"

"असू द्या?" काटकोन एवढे दुखावले, की त्यांनी बोल्ट सैल करून पुन्हा पातळी बघितली. मग चारही कसले.

नंबर लागला. तपासनीसानं डावीकडे माप घेतलं, उजवीकडे घेतलं, मग मधोमध. तिन्ही आकडे एकच. त्यानं बंपरवर पाय देऊन दाबून पाहिलं.

"कुठल्या कंपनीचा?"

"आमच्या," काटकोन म्हणाले.

"आमच्या," शर्टावरची धूळ झटकत मेव्हणाही म्हणाला.

कागदावर शिक्का पडला. रांगेतल्या कुणीतरी शिट्टी मारली. काटकोनांनी तो कागद बायकोच्या हातात असा दिला, जणू समुद्राचा सातबाराच नावावर करून दिला.

"घरी जाऊन चहा घेऊ आणि मग..." ते म्हणाले.

"शेगडी आत आहे, गाद्या आत आहेत, पाणी भरलंय," बायको पुढच्या सीटवर बसत म्हणाली. "घरी काय राहिलंय?"

काटकोनांनी चावी फिरवली आणि घराच्या उलट्या दिशेचा इंडिकेटर लावला.