कापसाचे बोळे

ही माझी धाकटी बहीण. कॉलेजात म्हातारपणाचा अभ्यास करते. आमच्या सात पिढ्यांत एवढं कोणी शिकलं नाही! एकदा अभ्यास म्हणून ती कानांत कापसाचे बोळे घालून जेवायला बसली. शिंपीकाम सोडल्यापासून बाबा गप्पच असायचे. मी नेहमीसारखं म्हटलं, "टेलर मास्तरांनी स्वतःच्या तोंडालाच टाके घातलेत!" सगळे हसले.

बहिणीने बोळे काढले आणि बाबांकडे बोट दाखवून ती रडायला लागली. "दादा, मला नुसते तुमचे दात दिसले रे. बाबा रुसलेले नाहीत, त्यांना ऐकूच येत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांच्या कानाशी ओरडलो, "बाबा, चहा घ्या!"

बाबांच्या हातात भरलेली पिशवी होती. "ओरडतोस कशाला? काल पोरगी माझ्याकडे बोट दाखवून रडली, तेव्हाच समजलो, मी तुम्हाला नकोसा झालोय. निघालोय मी."