संजयचा शिकारी

दसऱ्याच्या त्या सकाळी मी कॉम्प्युटरची पूजा केली. डोंबिवलीतल्या एका लहान कॉम्प्युटर क्लासची चावी तेव्हा माझ्याकडे असायची... नव्वदीतली गोष्ट. मॉनिटर, कीबोर्ड, प्रिंटर, सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली. आणि भक्तीच्या भरात माझ्या मित्राच्या, संजयच्या फ्लॉपीलाही ओल्या बोटाने कुंकू लावलं.

ते नेमकं फ्लॉपीवरच्या पत्र्याच्या पट्टीखालून आत गेलं. संध्याकाळी फ्लॉपी घातली तर ड्राइव्ह नुसता करकरत राहिला... त्या फ्लॉपीत संजयचा शिकारी, म्हणजे त्याचा गेममधला खेळाडू, साठवलेला होता.

अंतराळातला गेम होता. एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर माल नेऊन विकायचा, नाहीतर फरार चाच्यांना, म्हणजे लुटारूंना, गाठून पाडायचं आणि त्यांच्यावरचं इनाम घ्यायचं. मी आपला धान्य वाहायचो. संजय शिकारी... क्लास सुटल्यावर अर्धा-अर्धा तास खेळून आठ महिन्यांत तो सर्वोच्च पदापासून एकाच शिकारीच्या अंतरावर आला होता.

"तू कीर्तनकार हो रे," तो मला म्हणायचा. "समोरचा गोळ्या झाडतोय आणि हा त्याला वाट देतोय."

गावच्या शाळेतून आलेल्या मला कीबोर्डला पहिल्यांदा हात लावू दिला तो यानेच. तुळशीच्या लग्नापर्यंत तो गावी असणार होता. ठरवलं... तो यायच्या आत त्याचा शिकारी पुन्हा उभा करायचा. त्याच नावाने, त्याच पदापर्यंत.

दिवा स्टेशनजवळच्या माझ्या खोलीवर पहाटे पाणी भरायचं, देवाला नमस्कार करायचा आणि सहाला क्लास उघडायचा. पहिली बॅच नऊला. इंग्रजी सूचना कळायच्या नाहीत, म्हणून शेजारी डिक्शनरी.

पहिला आठवडा रोज मीच मेलो. मग लहानपणची गोफण आठवली... पाखरू असतं तिथे दगड मारायचा नसतो, ते जाणार असतं तिथे मारायचा. त्या दिवशी पहिला चाचा पडला. पुढचे तीन आठवडे एकही सकाळ चुकवली नाही.

संजय आला, त्याच्याच नावाचं लेबल लावलेल्या नव्या फ्लॉपीवर खेळायला बसला. त्याला काहीच कळलं नाही. शेवटचा, सगळ्यात अवघड चाचा त्याने माझ्यासमोर पाडला आणि सगळ्या क्लासला वडापाव खाऊ घातला. त्या आनंदात मी गप्प बसलो... ते बसलोच.

गेल्या रविवारी कोपरला त्याच्या घरी संजय त्या गेमची गोष्ट सांगत होता. त्याची मुलगी म्हणाली, "काका, हे सगळं बाबांनी एकट्याने केलेलं? की फेकतायत?" मी "एकट्यानेच" म्हणून मान डोलावली. इतकी वर्षं गप्प होतो, आता खोटंही बोललो. चार दिवस पूजेला बसलं की तेच डोळ्यांसमोर यायचं.

आज सकाळी फोन केला. सगळं सांगितलं, कुंकवापासून.

शेवटपर्यंत त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे बाकीचे सगळे तू पाडलेस?"

"दुसऱ्यांदा. पहिल्यांदा तूच पाडले होतेस."

"ते आता कोण मानणार... पोरीला मी नाही सांगणार. तूच ये आणि सांग."

दुपारी कोपरला गेलो. तो शेजारी खाली मान घालून बसला होता. मी तिला सगळं सांगितलं... आणि तो शेवटचा चाचा बाबांनीच पाडला, मी तिथे उभा होतो, हेही.