वालेरचं नाक

आमच्या वातू गावात वालेर गेकीरच्या नाकाचे किस्से युद्धाआधीपासून सांगितले जात. त्यात थोडी थट्टा असे आणि बराचसा मान. सप्टेंबरात आमच्याकडे बिअरसाठीची हॉपची फुलं खुडून भट्टीवर वाळवतात. खाली कोळसे, वर फळ्यांच्या जाळीवर फुलांचा गुडघाभर थर. घाईने काढली तर ती पोत्यात बुरसतात, उशीर झाला तर भुगा होतो. इतर भट्टीवाले फुलं मुठीत चुरून बघत. वालेर खाली जिन्यातूनच सांगे, "अजून अर्धा तास." आणि तेवढाच वेळ लागे.

माझा भाऊ फिर्मेन त्याचा जिवलग. दोघं शाळेत एका बाकावर, हॉपच्या मळ्यात एका ओळीत, आणि चौदा साली जर्मन आले तेव्हा एकाच तुकडीत. सतरा साली त्यांचा खंदक पाण्याने भरलेल्या कुरणांच्या काठाला होता. तेव्हा रोज कुठे ना कुठे विषारी वायूचे गोळे पडत. प्रत्येक तुकडीला एक पहारेकरी नेमायचा होता. वायू आला की त्याने तोफगोळ्याचं रिकामं नळकांडं बडवायचं आणि हवा साफ झाली की मास्क काढायला सांगायचं. कप्तानाने विचारलं, कोण करील? फिर्मेनने वालेरला पाठीवर हात ठेवून पुढे ढकललं.

"साहेब, शोधता कशाला? हा घ्या. आमच्या गल्लीत कुणाच्या चुलीवर काय करपलंय ते हा अंथरुणातून सांगतो."

"गप बस, गाढवा," वालेर म्हणाला.

सगळे हसले. कप्तानही हसला आणि त्याने वहीत नाव लिहून घेतलं.

पुढचं मला वालेरनेच सांगितलं. एकदाच, त्याच्या-माझ्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात, आमच्या अंगणात उभं राहून.

अठरा सालचा मार्च होता. उजाडायच्या आधीपासून गोळे पडत होते, पण फुटत नव्हते. चिखलात दगड पडावा तसा धप्प आवाज यायचा, बस. वालेरला लसणीसारखा वास आला. त्याने नळकांडं बडवलं आणि सगळ्यांनी मास्क चढवले. आठ वाजेपर्यंत तसेच बसून होते. जमिनीवर पांढरं दंव होतं. मास्कच्या काचांवर वाफ धरली होती, आत लाळ हनुवटीवरून गळत होती. शेवटी गोळे थांबले.

फिर्मेनने मास्कमधूनच ओरडायला सुरुवात केली. "वालेर, अरे डुकराचं हे तोंड किती वेळ घालून बसवतोस? माझी भाकरी दगड झाली!"

वालेरने मास्कची कड उचलून हुंगलं. वास नव्हता. दहा मिनिटं थांबून पुन्हा हुंगलं. काहीच नाही. ओली माती, बस.

त्याला दोन गोष्टी ठाऊक नव्हत्या, आणि कप्तानालाही त्या धड ठाऊक नव्हत्या. हा वायू म्हणजे खरं तर एक तेल. थंडीत ते थेंबाथेंबाने जमिनीवर पडून राहतं आणि ऊन लागलं की वर उठतं. दुसरी गोष्ट, ते थोडंसं जरी हुंगलं तरी नाक मरतं.

"काढा," वालेर म्हणाला.

मास्क काढून माणसं बांधाच्या उन्हाकडच्या बाजूला बसली. फिर्मेन तर आडवाच झाला. त्याने भाकरी खाल्ली, वालेरला अर्धी दिली. वालेर पहाऱ्यावर फळीवर उभा राहून खात होता. कुणाला काही जाणवलं नाही. दुपारी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायला लागलं. संध्याकाळपर्यंत चौदा जणांना दिसेनासं झालं. फिर्मेन ज्या मातीवर लोळला होता ती त्याच्या पाठीवर, मांड्यांवर उठली. लिंबाएवढे पिवळे फोड.

इस्पितळ आमच्या गावापासून चार तासांच्या चालीवर होतं. आईला चालवत नव्हतं, म्हणून मी गेले. फिर्मेनच्या अंगाला चादर लागू नये म्हणून लोखंडी कमानींवर ती तंबूसारखी ताणली होती. डोळे सुजून मिटलेले, ओठ काळे. मी हात पुढे केला तशी नर्स म्हणाली, "हात लावू नका, बाई. तुमच्याही हाताला फोड येतील." त्याचा श्वास ओल्या कापडातून यावा तसा यायचा. घसा आतून भाजला होता. तिसऱ्या दिवसापासून त्याच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. नवव्या दिवशी तो गेला.

युद्ध संपलं आणि वालेर घरी आला. पहिल्याच सप्टेंबरात मालकाने त्याला भट्टीवर बोलावलं. वाळवताना फुलांचा रंग चांगला यावा म्हणून कोळशांवर गंधक टाकतात. मालकाने मूठभर टाकलं, पिवळा धूर वर आला, आणि वालेर जिन्यावरून पळत सुटला. शेवटच्या पाच पायऱ्या तो गडगडत आला. खाली बायका पोती शिवत होत्या. त्या आधी हसल्या. मग तो कोपऱ्यात तोंडावर टोपी दाबून बसला तेव्हा गप्प झाल्या. तसंही त्याला कशाचाच वास येत नव्हता. मालकाने दुसरा माणूस ठेवला.

मी त्याच्याशी लग्न करते म्हटल्यावर आई म्हणाली, "जगात दुसरा पुरुष उरला नाही का? माझ्या लेकराला ज्याने मास्क काढायला लावला, त्याच्या ताटात तू वाढणार?"

"आई, त्याने मुद्दाम केलं का?"

"नसेल केलं. पण केलं."

ती चर्चमध्ये आली नाही. लग्नाआधी, अंगणातल्या त्या बोलण्यात, मी वालेरशी खोटं बोलले. त्याने सगळं सांगितलं आणि खाली बघत उभा राहिला. मला सहन होईना. मी म्हणाले, "फिर्मेन जाण्याआधी बोलला होता मला. वालेरचा काही दोष नाही, म्हणाला."

"बरं," वालेर म्हणाला.

आमचा तेरा वर्षांचा संसार झाला. मूल झालं नाही. तो टोपल्या विणायचा, दुसऱ्यांच्या बागा खणायचा, आणि हिवाळा आला की खिडकीशी उशा रचून बसून राहायचा, कारण आडवं झालं की त्याचा जीव घुसमटायचा. मला सर्वांत जड गेलं ते वेगळंच. हा माणूस कुठल्याच गोष्टीला हो म्हणेना. दूध नासलंय का, निघायचं का, पाऊस येईल का, काही विचारा, उत्तर एकच. "तूच बघ, एलोदी." एकदा शेजारच्या नेलीने आपली धाकटी आजारी होती तेव्हा विचारलं, आता बाहेर खेळायला सोडू का? वालेर उठून घरात गेला आणि दार लावून घेतलं.

तेहेतीसच्या फेब्रुवारीत तो पलंगाला खिळला. एका दुपारी मी त्याला सूप पाजत होते. त्याने चमचा बाजूला सारला.

"फिर्मेन बोलला नव्हता, एलोदी."

मी चमचा वाटीत ठेवला.

"मी पडद्याच्या पलीकडच्या खाटेवर होतो. डोळ्यांना पट्टी होती, कान उघडे होते. नऊ दिवस त्याचा श्वास ऐकत होतो. तू त्याला विचारलंस, वालेर पलीकडे आहे, त्याला काही सांगू का? मग काहीच ऐकू आलं नाही." दम लागून तो थांबला. "त्याने काय केलं, ते मला दिसलं नाही."

"तेरा वर्षं तुला ठाऊक होतं?"

"तू माझ्यासाठी बोललीस. तुझा शब्द खाली कसा पाडू? पण आता सांग."

मी काय करायला हवं होतं? अजूनही मला कळत नाही. पुन्हा खोटं बोलता आलं असतं, पण त्याने ते ओळखलं असतं, आणि मग ते शेवटचं बोलणंही खोटंच ठरलं असतं. मी सांगितलं. फिर्मेनने मान हलवली होती. नाही म्हणून. आणि तोंड भिंतीकडे केलं होतं.

वालेरने बराच वेळ माझा हात धरून ठेवला. "दुखत असेल त्याला," म्हणाला. "वळताना."

त्यानंतर तो पाचव्या दिवशी गेला.

चर्चसमोरच्या दगडावर गावातल्या युद्धात मेलेल्यांची नावं आहेत. फिर्मेनचं आहे. वालेरचं घालावं म्हणून मी नगराध्यक्षांकडे गेले. माणूस म्हणून ते वाईट नव्हते, त्यांनी मला खुर्ची दिली.

"बाई, ते घरी वारले. छातीच्या विकाराने, पलंगावर."

"तो पंधरा वर्षं मरत होता, साहेब."

"मला कळतंय. पण दगडावर सालं कोरलीत. चौदा ते अठरा."

एकोणचाळीसच्या शरद ऋतूत शाळेच्या पटांगणात सगळ्या गावाला बोलावलं. एक तरुण मास्तर नवे मास्क कसे चढवायचे ते शिकवत होता. माझ्या पुढे शेजारची नेली उभी होती. मास्क घालून तिने आपल्या लेकीकडे पाहिलं आणि दोघी पोट धरून हसल्या. मग माझी पाळी आली. मास्तरने पट्टे डोक्यामागे ओढून बसवले, रबराची कड गालांवर दाबून पाहिली.

"श्वास घ्या, काकू. घट्ट बसलाय?"

मी श्वास घेतला. काच धुरकट झाली. लोकांचे आवाज लांब गेले. मास्तर मिनिटभर घड्याळाकडे बघत राहिला, मग म्हणाला, "झालं, आता काढा."

मी काढला नाही. तो दोनदा म्हणाला, मग नेलीने येऊन माझ्या मानेमागचे पट्टे सोडवले.