मंगलाची थंडी

मंगला गेली त्याला पाच आठवडे झाले. त्या सकाळी मी आणि तिची लेक दीपा अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर लोखंडी बाकावर बसलो होतो. अकराच्या सुमारास नर्स बाहेर आली, मास्क हनुवटीखाली ओढला आणि म्हणाली, "मंगलाबेननां सगां कोण?" तिच्या आवाजावरूनच मला कळलं. दीपा माझ्या खांद्यावर कोसळून रडायला लागली. माझ्या डोळ्यांना मात्र पाणी आलं नाही. ही बातमी मी गेली कित्येक वर्षं रोज मनात ऐकत होते... ती खरी झाली तेव्हा नुसते पाय थंड पडले.

मंगला माझी धाकटी जाऊ. आम्ही मूळच्या खानदेशातल्या, शिरपूरकडच्या. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, सुरतजवळ पलसाण्याला साड्या रंगवायच्या मिलमध्ये कामाला. आम्ही सुरतच्या लिंबायत भागात एकाच घरात राहायचो. मी मराठी शाळेत शिक्षिका होते, त्यामुळे घरात मी 'शिकलेली'. कुणाला ताप येवो, नाहीतर कसला कागद येवो, सगळे म्हणायचे, "आक्काले इचारा." मंगला फारशी शिकलेली नव्हती, पण हाताला विजेसारखी चपळ. दारावर साड्यांचे गठ्ठे यायचे, त्यांना लेस लावायची. मी एक साडी संपवेपर्यंत तिच्या तीन व्हायच्या. तोंड चालूच. शेजारच्या सगळ्या बायांच्या नकला करायची, माझीसुद्धा.

दीपाचा जन्म घरीच झाला, सकाळी सातला. पुरुष पाळीवर गेलेले. शाळेला सुट्टी होती म्हणून मी घरी होते. सुईण म्हणाली, सगळं नीट झालं, आणि ती गेली. पण रक्त थांबेना. मी कपडे बदलत राहिले, धुवायला टाकत राहिले. बाळंतपणात जातंच, असं मी तिला सांगितलं आणि स्वतःलाही. दवाखान्यात नेलं तर काय काय ऐकावं लागेल याची मला भीती वाटत होती. पुरुषमाणूस घरात नाही, एकटीने निर्णय कसा घ्यायचा, याचीही. दुपारी ती म्हणाली, "आक्का, माले थंडी वाजस." बाहेर ऊन रणरणत होतं. मी तिच्यावर एक गोधडी टाकली. मग दुसरी. जवळच्या गिरणीचा चारचा भोंगा झाला, तिचे ओठ पांढरे दिसले तेव्हा मी रिक्षा आणायला धावले. दवाखान्यात रक्ताच्या बाटल्या चढवल्या. ती वाचली. घरी सगळे म्हणाले, आक्का होती म्हणून वाचली.

त्यानंतर जी मंगला घरी आली ती वेगळीच होती. तिला दूध आलं नाही, दीपा बाटलीवर वाढली. पाळी परत आली नाही. केस विरळ झाले, भुवया अर्ध्या उरल्या, चेहऱ्याचा रंग मेणासारखा झाला. आवाज घोगरा. एक साडी हातात घेतली की दिवसभर तीच. मे महिन्यात, सुरतच्या त्या चिकट गरमीत, ती गच्चीच्या तापलेल्या लादीवर स्वेटर घालून बसायची. आम्ही तिला आळशी म्हणायला लागलो. आलेल्या पाहुण्यांसमोर मी म्हणायचे, "आमच्या मंगलाला सगळं बसल्या जागी लागतं." ती हसायची, पण ते हसू पोहोचायलाही वेळ लागायचा. कधी कधी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. मी जवळ जाऊन तिच्या नाकाशी बोट धरायचे. श्वास लागला की सुटकेने आणखी रागवायचे. अशी नऊ वर्षं गेली.

मग एकदा साधे जुलाब झाले. घरातल्या बाकीच्या चौघांनाही झाले होते, आम्ही दोन दिवसांत बरे झालो. मंगला बेशुद्ध झाली. मोठ्या रुग्णालयात एक तरुण डॉक्टरीण तिच्याकडे बराच वेळ बघत उभी राहिली. तिने भुवयांवरून बोट फिरवलं, काखेत केस आहेत का पाहिलं, आणि मागे वळून आम्हाला विचारलं, "शेवटचं बाळंतपण कधी झालं? तेव्हा दूध आलं होतं?"

जुलाब झालेल्या बाईबद्दल हे काय विचारणं! पण तिचा पुढचा प्रश्न मला आधीच ऐकू आला होता.

"रक्त किती वेळ जात होतं?"

माझ्या बाजूला माझा नवरा उभा होता, दीर उभा होता. मी म्हणाले, "दोन तास."

डॉक्टरबेनने नंतर समजावून सांगितलं. मेंदूच्या तळाशी हरभऱ्याएवढी एक ग्रंथी असते. बाकीच्या ग्रंथी तिच्या हुकमावर चालतात. बाळंतपणात फार रक्त गेलं की तिला रक्त पुरत नाही, आणि ती मरते. बाई मात्र जगते, आतून एकेक दिवा विझत जातो. तपासण्या झाल्या, डोक्याचा फोटो निघाला. त्या ग्रंथीची जागा रिकामी होती. गोळ्या सुरू झाल्या आणि आठ दिवसांत मंगलाने खाटेवर बसून माझी नक्कल केली. सगळा वॉर्ड हसला. मी बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले.

डॉक्टरबेन अशा बायकांवर संशोधन करत होत्या. मंगलाची कहाणी डॉक्टरांच्या मासिकात छापायची होती, नाव न देता, म्हणजे इतर डॉक्टरही तो प्रश्न विचारायला शिकतील. त्यासाठी तिची परवानगी हवी होती. त्यांनी लिहिलेलं सगळं तिला हिंदीत सावकाश वाचून दाखवलं. "बच्चे के जन्म के बाद करीब दो घंटे तक..." एवढं ऐकल्यावर मंगलाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ती त्या दिवशी शुद्धीवर होती. चारचा भोंगा तिनेही ऐकला होता. मी खाटेची कड घट्ट धरली.

"बराबर छे," मंगला म्हणाली, आणि सही केली.

त्यावर ती एक शब्द कधी बोलली नाही. बारा वर्षं! आज बोलेल, उद्या बोलेल, या धास्तीत मी राहिले. भांडणात सुद्धा बोलली नाही. आणि दुसरी धास्ती होती ती गोळ्यांची. एक दिवस गोळी चुकली, एक उलटी झाली, तरी जीव जाऊ शकतो, असं डॉक्टरबेननी बजावलं होतं. माझ्या पर्समध्ये गोळ्या, दीपाच्या दप्तरात गोळ्या, कपाटात इंजेक्शन. मी ते टोचायला शिकले. लग्नाकार्यात ती जेवायला बसली की मी तिच्या ताटाकडे बघत राहायचे, बासुंदी नको, शिळं नको. "आक्का, तू माले भ्याडीसन मारशी," ती म्हणायची. मला घाबरवूनच मारशील!

या हिवाळ्यात तिला खोकला झाला. गोळ्या दुप्पट केल्या. दुसऱ्या दिवशी उलटी झाली. मी त्याच क्षणी इंजेक्शन दिलं, रिक्षा केली, पाऊण तासात आम्ही रुग्णालयात होतो. या वेळी मी एक मिनिटही वाया घालवलं नाही. पण दोन्ही फुप्फुसं न्युमोनियाने भरली होती. चौथ्या दिवशी ती गेली. तिने शेवटचं बोलून घेतलं ते दीपाच्या कॉलेजच्या फीबद्दल आणि एका व्यापारी पार्टीचा साड्यांचा गठ्ठा परत करायचा राहिलाय त्याबद्दल.

मागच्या आठवड्यात डॉक्टरबेननी मला बोलावलं. आता त्यांचे केस पिकू लागलेत. अशा बऱ्याच बायकांच्या नोंदी त्यांच्याकडे जमल्यात, त्या एकत्र करून त्या मोठा लेख लिहितायत. मंगलाची जुनी फाईल समोर उघडी होती. पहिल्या पानावर इंग्रजीत एक ओळ होती. मी अर्थ विचारला. त्या म्हणाल्या, "माहिती देणार मोठी जाऊ, शिक्षिका. माहिती विश्वासार्ह."

मी म्हणाले, "डॉक्टरबेन, ते दोन तास नव्हते."

त्यांनी त्याच पानावर खाली लिहिलेले दोन तास शोधले. मग पेन उचललं. "केटला?"

"नऊ."

त्यांनी 'दोन' खोडून 'नऊ' लिहिलं. पेन वरच्या ओळीवर, त्या शेवटच्या शब्दाशी जरा थांबलं. मग त्यांनी टोपण लावलं आणि फाईल मिटली. मी का लपवलं ते त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

दीपाला मी अजून काही सांगितलेलं नाही. ती मला मोठी आई म्हणते. दुधाच्या बाटल्या मीच उकळल्या, हे ती येईल त्याला सांगते. तिचं शिक्षण गुजरातीत झालं, मराठी ती बोट ठेवून, अक्षरं जुळवत वाचते. मी लिहिलेला हा लेख वर्तमानपत्रात छापून आला की ती पुरवणी मी तिच्या हातात देणार आहे. मंगलाच्या खिडकीपाशी तो न परतवलेला गठ्ठा अजून तसाच आहे, वरच्या साडीला अर्धी लेस लागलेली, सुई तिथेच टोचून ठेवलेली. दीपा हल्ली तिथेच बसते. तिचं वाचून होईपर्यंत मी समोर बसून राहीन.