नंबर चारची थरथर

थोर वादकांना एकमेकांशी बांधणारा एक अदृश्य धागा असतो आणि तो हृदयातून निघतो, असं माझ्या मोठ्या भावाच्या वहीत पहिल्याच पानावर लिहिलं आहे. भाऊ अहेरीला वन खात्यात कारकून होता. हृदयाविषयी एरवी बोलत नसे. मागच्या उन्हाळ्यात तो गेला. तेव्हापासून मी जेवतो, ऑफिसला जातो, भेटायला आलेल्यांना चहा विचारतो. आणखी काही वाटत असेल तर ते माझ्यापर्यंत पोचलेलं नाही.

वर्षश्राद्धाला ती वही छापून वाटायची, असं वहिनीने ठरवलं. "त्यायचं स्वतःचं तेवढंच आहे, भाऊजी. बाकी फायली खात्याच्या," ती म्हणाली. तपासायचं काम माझ्याकडे आलं.

वहीचा विषय असा, की विलायती रॉकच्या जुन्या गिटारवाल्यांपैकी कोण कोणाकडून काय शिकला. त्यांना नावं नव्हती. चंद्रपूरचा कॅसेट भरून देणारा दुकानदार वर फक्त नंबर टाकी. म्हणून आवाजावरून म्हातारा वाटणारा नंबर एक, त्याची नक्कल करणारा नंबर दोन, दोनचा चेला नंबर चार. भावाचा कान चांगला होता. बहुतेक सगळे त्याच पाच सुरांत फिरतात, तार ओढून सूर चढवतात, चारने तीनचा शेवट उचलून आपल्या सुरुवातीला लावला आहे, हे त्याने अचूक पकडलं होतं. पण निम्मी वही एकाच शोधावर आहे: लांबवलेला सूर सगळेच एकाच संथ लयीत थरथरवतात. अर्थात, सगळ्यांचा मूळ गुरू एक.

भाऊ स्वतःही गिटार वाजवी. ती थरथर बोटात आणायला त्याला वीसेक वर्षं लागली. गणपतीत वाजवायला बसला की पुढच्या रांगेतून कोणीतरी विचारी, "भाऊ, गिटारले हिव भरलं का जी?"

"तुले नाई समजत. हे घराणं आहे," तो म्हणे. हसत नसे.

छापील पुस्तकात नंबर बरे दिसणार नाहीत, म्हणून मी मोबाईलवर एकेक वादन शोधलं. नावं सापडली. थरथर सापडली नाही. म्हणजे होती, पण ज्याची त्याची वेगळी. नंबर दोन तर सूर सरळच धरतो. मग भावाचा टेप काढून कॅसेट लावल्या. सगळे एकसारखे थरथरले. वहिनीची भजनाची कॅसेट लावली. बुवाही थरथरले. बुवा वयस्कर होते, म्हणून घरात कधी शंका आली नसावी.

वहिनी दारात येऊन उभी राहिली. "बिघडला काय?"

"नाही. याचं आतलं, कॅसेट फिरवायचं रबर कधी बदललं होतं?"

"लग्न झालं त्या साली. इथी भेटत नोहतं, तं त्यायनंच सायकलची जुनी ट्यूब कापून लावली. मंग कधी बंद नाई पडला." ती आत आली. "वही बरोबर आहे ना, भाऊजी? लोकं हसतीन असं काही छापू नका. हसले तेवढे पुरे झाले."

मी टेप उघडला. रबराची पट्टी एका बाजूला जाड होती. कात्री तिथे वाकडी गेलेली. जाड भाग फिरून आला की सूर हलायचा. म्हणजे ती थरथर जगात एकाच माणसाने स्वतःच्या बोटाने काढली होती, आणि त्याचा फोटो समोर भिंतीवर होता. इथे मला काहीतरी वाटायला हवं होतं. मी स्क्रू परत बसवले.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

वही आहे तशी छापायला दिली. नावं घातली नाहीत. नंबर मोबाईलवर शोधता येत नाहीत. शेवटच्या पानावर भावाने लिहिलं आहे, की त्या मूळ गुरूचा पत्ता अखेरपर्यंत लागला नाही. तेही तसंच ठेवलं.

मी सहज विचारलं, तर वहिनी म्हणते, ट्यूब मागच्या चाकाची होती.