शेवटच्या प्रुफावरची सही

पाणी सोडणारा माणूस पुस्तकं लिहितो, ही गोष्ट लोकांच्या गळी उतरायला फार वर्षं लागली. टेकडीवरच्या टाकीखाली त्याची पंपाची खोली होती. पहाटे मोटर चालू करायची, खालच्या सात आळ्यांचे व्हॉल्व्ह एकामागून एक फिरवायचे आणि टाकी भरेपर्यंत मोटरीच्या घरघरीत वही मांडीवर घेऊन बसायचं, हा त्याचा नेम. शाळा सातवीपर्यंतच झालेली. पण त्या घरघरीत त्याला वाक्यं ऐकू येत, आणि एकदा ऐकू आलेलं वाक्य तो सोडत नसे. नळाची धार बारीक झाली की आळीतल्या बायका म्हणत, आज लेखकाला सुचत नाही वाटतं. तो म्हणे, सुचलं की पूर येईल, भांडी वर ठेवा.

सहा पुस्तकं झाली. सहाही तात्यांनी छापली. बाजारामागच्या गल्लीत तात्यांचा छापखाना होता. पंचवीस वर्षांपूर्वी पाणीवाल्याच्या पहिल्या पुस्तकाच्या अक्षरांचे खिळे त्यांनी स्वतःच्या हातांनी जुळवले होते. त्यांची एक रीत होती. शेवटचं प्रूफ निघालं की लेखकाने छापखान्यात यायचं, शाईने काळ्या झालेल्या स्टुलावर बसायचं आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत सगळं मोठ्याने वाचायचं. तात्या समोर पेन्सिल घेऊन ऐकत. वाचून झालं की शेवटच्या पानाखाली लेखकाने लिहायचं, ‘छापण्यास हरकत नाही’, आणि सही करायची. सही झाली की तात्या पेन्सिल खणात टाकून खण लावून घेत. आता यातला एक काना हलवायचा तर तुझ्या बापालाही मला विचारावं लागेल, असं म्हणत आणि मग चहा मागवत. वही तात्यांकडेच राहायची. पुस्तक घरी आलं की वहीचं काम संपलं, असं पाणीवाला मानी.

सातवं पुस्तक थोरल्या भावाचं होतं. चाळीस वर्षांपूर्वी घरात शब्दाला शब्द लागला आणि भाऊ अंगावरच्या कपड्यांनिशी निघून गेला, तो परत आलाच नाही. पाणीवाला तेव्हा दहा वर्षांचा होता. वहिनीने आपल्या तान्ह्या मुलीबरोबर या दिरालाही वाढवलं. म्हणून लिहायला घेण्याआधी तो तिच्याकडे गेला, परवानगी मागायला.  ती म्हणाली, लिहा, पण जे झालं नाही ते एक अक्षरही लिहू नका. आजवर लोकांनी तिला काय काय आणून सांगितलं होतं. कुणाला तो बंदरावर दिसला, कुणाला रेल्वेच्या डब्यात, कुणी त्याचं दुसरं लग्नही लावून आलं होतं. तुम्ही तरी त्यात भर घालू नका, एवढंच तिचं मागणं. त्याने शब्द दिला. तीन वर्षं लिहिलं, आणि शेवट जसा होता तसाच ठेवला. भाऊ येत नाही. रस्ता दिसतो, रस्त्यावर ऊन दिसतं, आणि पुस्तक थांबतं.

वही घेऊन तो गेला तेव्हा छापखान्यात यंत्रं नव्हती. ती विकली होती. भिंतींना नवा रंग होता, दोन टेबलं आणि एक स्क्रीन होता. तात्या म्हणाले, कागदाचे दिवस गेले लेका, वाचक फोनमध्ये जाऊन बसलाय. आधी ई-पुस्तक काढू, छापायचं मग बघू. पाणीवाल्याचं मन होईना. पण तात्यांना माणूस कुठे वितळतो ते ठाऊक होतं. वहिनींना दिसत नाही ना आता, ते म्हणाले, फोन त्यांना वाचून दाखवेल. त्याने मान डोलावली.

मग तात्यांनी चार कागद पुढे सरकवले. बारीक अक्षर, काठोकाठ भरलेलं. पाणीवाल्याने वाचले नाहीत. लिहायचं त्याने आणि कागदपत्रं बघायची तात्यांनी, अशी दोघांची पंचवीस वर्षांची वाटणी होती. सवयीने त्याने शेवटच्या कागदाखाली लिहिलं, ‘छापण्यास हरकत नाही’, आणि ठसठशीत सही केली. तात्या गालात हसले. प्रकाशकाला वेळोवेळी योग्य ते बदल करता येतील, असं तिसऱ्या कागदावर लिहिलेलं होतं.

पुस्तक निघालं. वहिनीच्या मुलीने ते आईच्या फोनवर लावून दिलं. रोज दुपारी थोडं थोडं ऐकत वहिनीने ते महिन्याभरात संपवलं आणि दिराला बोलावणं धाडलं. तो मोठ्या उमेदीने गेला. आजवरच्या सगळ्या वाचकांत हीच एक वाचक त्याला मोलाची होती.

ती भिंतीला टेकून बसली होती. बसा म्हणाली नाही.

“ते पंपावर आले होते,” ती म्हणाली. “तुम्हाला भेटले. मग घरी का नाही आणलंत?”

त्याला कळेना. तिनेच सगळं सांगितलं. शेवटच्या प्रकरणात भाऊ टेकडी चढून येतो, मोटर बंद होते, दोघे भाऊ एकमेकांना धरून रडतात आणि घराच्या वाटेला लागतात. पुस्तक तिथे संपतं. तुम्ही खोटं लिहिणार नाही म्हणाला होतात, ती म्हणाली, म्हणजे ते आले होते. वाटेतून परत गेले का? माझ्याकडे यायचं नव्हतं का त्यांना? तेवढं सांगा.

तो तसाच उठला आणि तात्यांकडे गेला. तात्यांनी काही लपवलं नाही. कोण कोणत्या पानावर पुस्तक सोडतो ते आता इथे दिसतं, त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं. शेवटाजवळ आले की लोक चिडत होते. म्हणून थोडं गोड केलं.

“कुणी लिहिलं ते?”

“मी. इतकी वर्षं तुझं वाचतोय, तुझ्यासारखं लिहिता येतं मला. कुणाला ओळखू आलं का सांग.”

“सही झाल्यावर, तात्या?”

“ती छापायची सही रे. हे छापलंय कुठे?”

त्याने वही मागितली. पुस्तक निघाल्यावर मागची खोली रिकामी केली, सगळ्या वह्या रद्दीत गेल्या, असं तात्या म्हणाले. त्याचा चेहरा पाहून ते जरा वरमले. एवढं लागत असेल तर पूर्वीसारखं करतो, म्हणाले, आणि दोन बोटांनी काहीतरी केलं. झालं, म्हणाले, वहिनींच्या फोनमध्येही बदललं. पाणीवाला भांडायला आला होता. पण सोळा पानांचा एक फर्मा जुळवायला दिवस घालवणारा माणूस इतक्या सहज सगळं पुसताना पाहून तो नुसताच उठला. चहा न घेता तो निघाला.

तो परत वहिनीकडे आला. खरा शेवट आता ऐक, म्हणाला आणि फोन तिच्यासमोर ठेवला. फोनच्या सपाट आवाजात रस्ता आला, ऊन आलं. टेकडी कुणीच चढलं नाही. आवाज थांबला.

वहिनीने चाचपून फोन पालथा घातला.

“मघापर्यंत हे असं नव्हतं,” ती म्हणाली. “मी विचारलं, तुम्ही उठून गेलात, आणि तेवढ्यात ते यातून निघून गेले.”

“वहिनी, तात्यांनी केलं ते. मी नाही लिहिलं.”

“भाऊजी, तुमच्या पुस्तकात तुमच्याशिवाय कोण लिहील?”

त्याने पहिल्यापासून सांगितलं. चार कागद, स्क्रीन, रद्दीत गेलेली वही. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, मुलगी संध्याकाळी येते, तुम्ही आधी हाताने लिहिलं होतं ते तिच्याकडे द्या, ती वाचून सांगेल मला.

त्याच्याकडे द्यायला एक पानही नव्हतं.